छोट्या मैदानात मॉडेल ग्लायडर उतरवण्यासाठी क्रो ब्रेक: बसवणं, जुळवणं, वापरणं

सोयाबीन निघाल्यावर मोकळं झालेलं शेत, एका बाजूला उसाचा फड, दुसऱ्या बाजूला विजेच्या तारा आणि मध्ये जेमतेम ८० मीटर. अशा जागी दोन मीटर पंखांचा फोमचा मोटर ग्लायडर उडवायला सोपा, पण उतरवायला अवघड. विमान लांब जातंय असं वाटून तुम्ही नाक खाली दाबता, त्यानं वेग वाढतो. मग जमिनीजवळ आल्यावर विमान खाली बसायचं नावच घेत नाही, अर्ध्या मीटरवर तरंगत थेट उसात जातं.

हा दोष हाताचा नाही. नाक दाबल्यानं उंची कमी होते, पण तीच ऊर्जा वेगाच्या रूपात विमानाकडे राहते. त्यात पंखाच्या लांबीच्या निम्म्याहून कमी उंचीवर आल्यावर जमिनीच्या जवळिकीमुळे पंखाचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, आणखी कमी होतो. खाली उतरायचं आणि वेगही वाढू द्यायचा नाही, तर ड्रॅग वाढवावाच लागतो. पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांनी, म्हणजे फ्लॅप आणि (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या) एलेरॉननी, हे काम करून घेण्याच्या पद्धतीला क्रो किंवा बटरफ्लाय म्हणतात. आतले फ्लॅप खूप खाली आणि बाहेरचे एलेरॉन थोडे वर, दोन्ही एकाच वेळी.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहा. साधा फोम ग्लायडर एक मीटर उतरताना अंदाजे १५ मीटर पुढे जातो, म्हणजे उतार ३.८ अंशांचा. नीट जुळवलेला क्रो हे प्रमाण १:५ च्या आसपास आणतो, उतार ११ अंशांच्या वर जातो. १५ मीटर उंचीवरून वारा नसताना पहिल्या स्थितीत २२५ मीटर लागतात, दुसऱ्यात ७५. समोरून ताशी १५ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साधारण ४ मीटरचा वारा असेल आणि विमानाचा हवेतला वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर हेच ७५ मीटर ४५ वर येतात.

१. तुमच्या पंखाला काय जमेल ते आधी ठरवा

पंखात चार सर्वो (हे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटर) असतील, दोन एलेरॉनचे आणि दोन फ्लॅपचे, तर पूर्ण क्रो बसवता येईल. खालचा सगळा लेख प्रामुख्यानं याच पंखाबद्दल आहे.

फ्लॅप नाहीत, पण प्रत्येक एलेरॉनला स्वतंत्र सर्वो आहे? मग दोन्ही एलेरॉन १५ ते २० अंश वर उचला. याला स्पॉयलेरॉन म्हणतात. पंखाची लिफ्ट (वर उचलणारा जोर) कमी होते, उतार वाढतो, आणि टोकांचा कोन कमी झाल्यामुळे टोकं आधी स्टॉल होण्याची (लिफ्ट एकाएकी तुटण्याची) भीतीही घटते. किंमत एवढीच की स्टॉलचा वेग थोडा वाढतो, म्हणून येताना वेग जरा जास्त ठेवावा लागतो.

हेच दोन्ही एलेरॉन खाली सोडले की फ्लॅपरॉन होतात. नवखे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, कारण मोठ्या विमानांचे फ्लॅप खालीच जातात. मॉडेलवर हा मार्ग धोक्याचा आहे. खाली गेलेल्या एलेरॉनमुळे पंखाच्या टोकांचा कोन वाढतो, कमी वेगात टोक आधी स्टॉल होतं, आणि नेमकं जमिनीजवळ विमान एका पंखावर पडतं. शिवाय एलेरॉन दिल्यावर नाक उलट्या दिशेला ओढलं जातं. उतार तीव्र करायला फ्लॅपरॉन वापरू नका. हळू उडण्यासाठी हवेच असतील तर १० अंशांच्या पुढे जाऊ नका.

दोन्ही एलेरॉन एकाच सर्वोवर किंवा वाय-केबलवर असतील तर यातलं काहीच होणार नाही. वाय-केबल काढून दुसरा एलेरॉन रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनेलवर न्या. शेपूट नसलेल्या डेल्टा आणि फ्लाइंग विंगला तर हा लेख लागूच नाही. तिथे दोन्ही पृष्ठभाग वर केले की तो सरळ एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा पृष्ठभाग) होतो.

२. काय काय जवळ हवं

– सात चॅनेलचा रिसीव्हर: दोन एलेरॉन, दोन फ्लॅप, एलिव्हेटर, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा पृष्ठभाग), मोटर
– मुक्त मिक्स (एका स्टिकनं अनेक चॅनेल हलवणं) करू देणारा ट्रान्समीटर. खालचे आकडे एजटीएक्ससाठी (ट्रान्समीटरमध्ये चालणारी एक प्रणाली) आहेत, इतर रेडिओंवर तत्त्व तेच
– कोनमापक किंवा थ्रो गेज, नसेल तर मिलिमीटरची पट्टी
– फ्लॅपसाठी मेटल गिअरचे सर्वो
– फायबरची चिकटपट्टी, छोटा स्क्रूड्रायव्हर, पुशरॉडच्या (सर्वो आणि पृष्ठभाग जोडणाऱ्या तारेच्या) टोकांसाठी पक्कड
– मॉडेलसोबत आलेल्या पुस्तिकेतलं गुरुत्वमध्याचं माप
– कागद आणि पेन्सिल. प्रत्येक उड्डाणानंतर आकडा लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या बदलानंतर मूळ काय होतं ते आठवत नाही

कोनमापक नसेल तर पट्टीवर भागतं. फ्लॅपची रुंदी बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंत मोजा. ६० अंशांवर मागची कडा मूळ जागेपासून जेवढी सरकते, ते अंतर बरोबर फ्लॅपच्या रुंदीएवढं असतं. ४५ मिमी रुंद फ्लॅपची कडा ४५ मिमी सरकली की ६० अंश झाले. ३५ मिमी रुंद एलेरॉन २० अंश वर गेला की कडा १२ मिमी सरकते.

उडवण्याच्या जागेबद्दल एकच गोष्ट: निघण्यापूर्वी सरकारी हवाई नकाशावर तुमचं मैदान हिरव्या क्षेत्रात आहे का ते पाहा. हिरव्या क्षेत्रातही मर्यादा साधारणपणे ४०० फुटांची, म्हणजे १२० मीटरची आहे, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र २०० फुटांची. खालच्या सगळ्या चाचण्या १२० मीटरच्या आत बसतात.

३. फ्लॅपचा आर्म तिरका बसवा

बहुतेकांचा क्रो इथेच फसतो, आणि रेडिओवर कितीही खटपट केली तरी सुधारत नाही. एलेरॉन वर-खाली सारखाच हलतो, म्हणून त्याचा सर्वो आर्म (सर्वोवर फिरणारा दांडा) सरळ, काटकोनात बसवतात. फ्लॅपला मात्र खाली ६० ते ७० अंश हवे असतात आणि वर जेमतेम पाच. आर्म काटकोनात बसवला तर सर्वोची अर्धी हालचाल वाया जाते आणि फ्लॅप ३५-४० अंशांवरच थांबतो.

म्हणून फ्लॅप सपाट असताना आर्म मागे, फ्लॅपच्या दिशेला, २५ ते ३० अंश झुकलेला ठेवा. हॉर्न (पुशरॉड जोडायचा फ्लॅपवरचा तुकडा) पंखाच्या खालच्या बाजूला असेल तर फ्लॅप खाली जाताना पुशरॉड पुढे ओढला जातो, तेव्हा आर्म मागून पुढे असा पूर्ण फेरा मारतो. २५ दात्यांच्या सर्वोवर एक दाता म्हणजे १४.४ अंश, दोन दाते म्हणजे २८.८. दोन दाते मागे लावा, राहिलेला फरक पुशरॉडच्या लांबीनं काढा. दोन्ही पंखांत आर्म आरशातल्यासारखे उलट दिसायला हवेत.

आर्मवर आतलं भोक आणि हॉर्नवर बाहेरचं भोक घ्या. फिरण्याचा कोन थोडा कमी होईल, पण ताकद आणि अचूकता वाढते. सपाट स्थितीत सर्वो गुणगुणत असेल तर तो कशाला तरी अडून जोर लावतोय. पुशरॉड अर्धा फेरा सैल करा.

फोमच्या मॉडेलमध्ये बिजागरी बहुधा पंखाच्या वरच्या पृष्ठावर असते आणि खाली त्रिकोणी खाच. खाच अरुंद असेल तर ४० अंशांवर फोम फोमला टेकतो. सर्वो तसाच दाबत राहिला की गिअर जातो किंवा बिजागरी फाटते. धारदार ब्लेडनं खाच रुंद करा आणि वरच्या बाजूनं फायबर पट्टीनं बिजागरी मजबूत करा. पट्टी फ्लॅप पूर्ण खाली असताना चिकटवा. सपाट असताना चिकटवली तर ती ताणली जाऊन फ्लॅपला परत वर ओढते.

४. रेडिओवर ब्रेकचा मिक्स

ब्रेक थ्रॉटलच्या स्टिकवर ठेवा आणि मोटर तीन जागांच्या स्विचवर: बंद, अर्धी, पूर्ण. ब्रेक नुसत्या स्विचवर दिला की तो असतो किंवा नसतो, मधलं काही नाही. उतरताना तुम्हाला नेमकं मधलंच हवं असतं. स्टिक वर असताना ब्रेक शून्य आणि खाली ओढल्यावर पूर्ण, अशी दिशा ठेवा. घाबरल्यावर हात आपोआप स्टिक पुढे ढकलतो आणि विमान पुन्हा घसरत राहतं. हीच सवय उपयोगी पडते.

एजटीएक्समध्ये एक नवीन इनपुट बनवा, नाव द्या ‘ब्रेक’. सोर्स थ्रॉटल स्टिक, वेट उणे ५०, ऑफसेट ५०. आता स्टिक वर असताना मूल्य ० आणि खाली असताना १०० येतं. मग मिक्सच्या पानावर हे इनपुट पाच चॅनेलना जोडा:

– दोन्ही फ्लॅप: खाली, ६० ते ७० अंश येतील एवढं वेट
– दोन्ही एलेरॉन: वर, १५ ते २० अंश
– एलिव्हेटर: खाली, पूर्ण ब्रेकला सुरुवातीला फक्त ३ मिमी. दिशा आणि आकडा हवेत ठरतो, तो पुढे येईल

इथे तीन सापळे आहेत. पहिला, एलेरॉनच्या चॅनेलवर स्टिकचे ७० आणि ब्रेकचे ४० असे मिळून ११० होतात, पण चॅनेल १०० ला कापला जातो. मग पूर्ण ब्रेकमध्ये एका दिशेचा रोल अर्धवट येतो. चॅनेल मॉनिटर उघडून ब्रेक पूर्ण आणि एलेरॉन स्टिक टोकाला असं दोन्ही बाजूंनी तपासा.

दुसरा, एलेरॉनची वर जायची एकूण हालचाल ३० अंश असेल आणि ब्रेकनं २० वापरले, तर रोलसाठी वर फक्त १० उरतात. म्हणून एलेरॉन उचलणं एकूण हालचालीच्या निम्म्याच्या आसपास ठेवा, आणि ब्रेक लागल्यावर डिफरेन्शियल शून्य करा. नेहमीच्या उड्डाणात खाली जाणारा एलेरॉन कमी हलवतात, तेच डिफरेन्शियल. ब्रेकमध्ये रोलचं बरंचसं काम त्या खाली जाणाऱ्या एलेरॉननंच होतं, त्याला अडवू नका. लॉजिकल स्विच बनवा: ‘ब्रेक २० पेक्षा जास्त’. एलेरॉन स्टिकच्या दोन ओळी ठेवा. स्विच बंद असताना डिफरेन्शियल असलेली ओळ चालेल, चालू असताना नसलेली.

तिसरा सापळा डावा-उजवा फरकाचा. शून्य, अर्धा आणि पूर्ण अशा तिन्ही ठिकाणी दोन्ही फ्लॅप मोजा. टोकाला जुळतात म्हणून मध्ये जुळतातच असं नाही. मध्ये पाच अंशांचा फरक असला तरी ब्रेक ओढताना विमान कलतं. एका फ्लॅपच्या आउटपुटला कर्व्ह लावून तो दुसऱ्याच्या मागे आणा.

शेवटी सुरक्षा. रेडिओ सुरू होतानाच्या स्विच तपासणीत मोटरच्या स्विचची ‘बंद’ जागा टाका आणि मोटर तोडणारा वेगळा स्विच ठेवा. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरनं काय करायचं त्या सेटिंगमध्ये) मोटर बंद करा. प्रोपेलर काढून ठेवा, ट्रान्समीटर बंद करा, आणि रिसीव्हर खरंच तसं वागतो का ते पाहा.

५. बीईसीला हे झेपतंय का

ब्रेक ओढला की फ्लॅप, एलेरॉन, एलिव्हेटर असे पाच सर्वो एकदम हलतात, त्यातले दोन हवेच्या दाबाविरुद्ध. ईएससीच्या (मोटरचा वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरच्या) आतला, रिसीव्हर आणि सर्वोंना वीज पुरवणारा छोटा बीईसी इथे मान टाकू शकतो. व्होल्टेज पडून रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, ते दोन सेकंद फार मोठे असतात. जमिनीवर प्रोपेलर काढून अर्धा मिनिट सगळ्या स्टिक जोरात फिरवा, मध्येच बोटानं फ्लॅप हलके अडवा, आणि रिसीव्हरचं व्होल्टेज टेलिमेट्रीवर (विमानाकडून ट्रान्समीटरवर येणाऱ्या माहितीत) पाहा. ५ व्होल्टचा बीईसी ४.५ च्या खाली घसरत असेल तर वेगळा, जास्त अँपिअरचा बीईसी लावा.

६. एलिव्हेटरची भरपाई: खरं काम इथे आहे

फ्लॅप ६० अंश की ७०, यानं फारसं बिघडत नाही. एलिव्हेटरची भरपाई चुकली तर मात्र सगळं बिघडतं. फ्लॅप खाली गेले की मधल्या पंखाची लिफ्ट आधी वाढते, मागे शेपटीवर पडणारी हवा जास्त खालच्या दिशेनं वाहते, शेपूट दाबली जाते आणि नाक वर उठतं. विमान फुगल्यासारखं वर चढतं, वेग हरवतं आणि मग पडतं. नेहमीच्या शेपटीच्या बहुतेक ग्लायडरना म्हणूनच डाउन एलिव्हेटर लागतो.

ही गरज सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या २०-३० अंशांत फ्लॅप मुख्यतः लिफ्ट वाढवतो, पुढे मुख्यतः ड्रॅग. म्हणून भरपाई सुरुवातीला झपाट्यानं आणि नंतर हळू वाढायला हवी, त्यासाठी कर्व्ह लागतो. आपलं ‘ब्रेक’ इनपुट ० ते १०० च फिरतं, त्यामुळे कर्व्हचा उजवा अर्धाच वापरात येतो. पाच बिंदूंचा कर्व्ह घेतलात तर कामाचे तीनच उरतात. नऊ बिंदूंचा घ्या. पाचवा ते नववा हे बिंदू अनुक्रमे ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के ब्रेकचे. सुरुवात ०, ५०, ७५, ९०, १०० अशी ठेवा.

आता हवेत. विमान ८० ते १०० मीटरवर न्या, मोटर बंद करा, ब्रेकशिवाय हात सोडून सरळ घसरतंय अशा ट्रिमवर आणा. हे आधी झालं नाही तर पुढचं काही कळणार नाही. मग वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून:

– पाव ब्रेक ओढा, एलिव्हेटरला हात लावू नका, पाच सेकंद पाहा
– नाक वर उठून विमान फुगलं तर त्या बिंदूची भरपाई वाढवा
– नाक खाली जाऊन वेग वाढत गेला तर कमी करा
– मग अर्धा, पाऊण, पूर्ण. प्रत्येक पायरी वेगळी

नाकाचा कोन तोच राहावा म्हणून जुळवू नका, वेग तोच राहावा म्हणून जुळवा. पूर्ण ब्रेकमध्ये नाक स्पष्ट खाली झुकलेलं दिसलंच पाहिजे. एवढ्या ड्रॅगला ओढून न्यायला गुरुत्वाकर्षणाची तेवढी मदत लागते. नाक आडवं दिसतंय म्हणून समाधान वाटत असेल, तर विमान स्टॉलच्या दिशेनं चाललंय.

भरपाई जमल्यावर त्याच उंचीवर आणखी दोन गोष्टी पाहा. पूर्ण ब्रेकमध्ये एलेरॉन टोकाला द्या. विमान सुस्त वळत असेल तर एलेरॉनचं उचलणं ५ अंशांनी कमी करा. मग पूर्ण ब्रेकमध्येच हळूहळू एलिव्हेटर ओढून स्टॉल करून पाहा. नाक सरळ खाली पडलं तर उत्तम. पंख पडत असेल तर दोन फ्लॅपमधला फरक पुन्हा मोजा.

७. अप्रोच: उतरायला येणं

वाऱ्याबरोबर जाताना उंची २५ ते ३० मीटर ठेवा. शेवटचं वळण ब्रेकशिवाय आणि वेगात घ्या. ब्रेक लावून, वेग घालवून, खाली वळत येणं हे ग्लायडर मोडण्याचं सगळ्यात सोपं साधन आहे. पंख सपाट झाले, तोंड वाऱ्यात आलं, की मग ब्रेक.

फायनलवर अर्ध्या ब्रेकनं सुरुवात करा, कारण अर्ध्यावर दोन्ही दिशांना वाव असतो. लांब जाताय असं दिसलं तर आणखी ओढा, आखूड पडताय असं दिसलं तर सोडा. उतार ब्रेकच्या स्टिकनं आणि वेग एलिव्हेटरनं सांभाळायचा. आखूड पडताना एलिव्हेटर ओढण्याची इच्छा प्रबळ असते, ती आवरा. आधी ब्रेक बंद, तरीही पुरत नसेल तर मोटर. हा क्रम उलटा केला, म्हणजे फ्लॅप लटकत असताना मोटर दिली, तर विमान धड चढत नाही आणि मोटरची ताकद ड्रॅगशी झगडण्यात जाते. ब्रेक सोडतानाही एका झटक्यात सोडू नका. कमी वेगात फ्लॅपची लिफ्ट एकदम गेली की विमान मीटरभर खाली बसतं, म्हणून सेकंदभरात सोडा.

शेवटच्या तीन-चार मीटरमध्ये वारा कमी होतो, उसाच्या किंवा झाडांच्या आडोशाला तर फारच. विमानाचा हवेतला वेग अचानक घटतो, आणि पूर्ण ब्रेकवर असलेल्या विमानाला तो भरून काढायला उंची नसते. वाऱ्याच्या दिवशी वेग थोडा जास्त ठेवून या आणि दोन मीटरवर आल्यावर ब्रेक अर्ध्यावर आणा. मग फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक थोडं वर उचलणं. तीव्र उतारावर खाली येण्याचा वेग जास्त असतो, तो थोपवायला एलिव्हेटर नेहमीपेक्षा ठळक आणि थोडा आधी ओढावा लागतो. पहिल्या दहा-बारा लँडिंगना पूर्ण ब्रेक फक्त उंचावर वापरा, शेवटच्या पाच मीटरला अर्ध्याच्या पुढे जाऊ नका.

टेकण्याच्या क्षणी स्टिक पुढे ढकलून फ्लॅप सपाट करा. खाली लटकलेला फ्लॅप ढेकळाला किंवा कापलेल्या धाटाला आपटला की सर्वोचा दाता तुटतो. सोयाबीनच्या शेतात राहिलेली धाटं यासाठी फार वाईट, त्यापेक्षा गवताची पट्टी शोधा. जमिनीपासून मीटरभर वर असतानाच घाईनं फ्लॅप मिटवू नका, तिथे विमान आपटतं.

८. उतरल्यावर

पुढच्या उड्डाणाआधी दोन्ही फ्लॅप बोटानं हलके वर-खाली करून पाहा. करकर आवाज, मध्येच अडकणं किंवा एका बाजूला जास्त ढिलेपणा जाणवला तर गिअरचा दाता गेलाय, तो सर्वो बदलल्याशिवाय उडवू नका. ब्रेकवर असताना एकच फ्लॅप मिटला तर एलेरॉन कितीही दिला तरी तो कल सावरत नाही. बिजागरीच्या टोकांना पट्टी सुटतेय का पाहा, आणि महिन्यातून एकदा तिन्ही ठिकाणची मापं कागदावरच्या मापांशी ताडून घ्या. उन्हात गाडीत ठेवलेल्या मॉडेलचा फोम वाकतो आणि दोन्ही बाजू पूर्वीसारख्या जुळत नाहीत.